आबांची ओली गोधडी

चार वर्षं मी हे कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, फोनवर तास तास डोकं खाणाऱ्या बहिणीजवळही नाही. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता, तर आजच पहिल्यांदा सांगतेय. तुम्हालाच का? तुम्ही माझे कोण? कुणीच नाही — म्हणूनच जमेल बहुतेक.

तशी मी तोंडाची फाटकी बाई आहे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माहेरी सगळ्यांना पाठ. कुणाच्या घरात काय शिजलं, कुणाची सून रुसली, सगळं माझ्याकडून बाहेर पडतं. मग हे एवढं कसं राहिलं आत? ते सांगायलाच बसलेय. पण आधी थोडं मांजराच्या टबाबद्दल, म्हणजे त्याच्या घरातल्या संडासाबद्दल, बोलू द्या.

हसू नका. शिक्रापूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी त्या विषयातली जाणकार समजली जाते. कंपन्यांत नोकरीला आलेल्या पोरी दोघी-तिघी मिळून फ्लॅट घेतात, करमत नाही म्हणून मांजर पाळतात, आणि मांजर गादीवर घाण करायला लागली की माझी बेल वाजवतात. काकू, काय करू? मी कमरेवर हात ठेवून विचारते — टब कुठं ठेवलाय? वॉशिंग मशीनशेजारी? उचल तिथनं, मशीन थडथडलं की ती बिचकते. खायच्या ताटलीजवळ? तुला चालेल का संडासात जेवायला? टब केवढा आहे? आत तिला गोल फिरता आलं पाहिजे. झाकण? काढून टाक. वाळू किती? तीन बोटं. उपसतेस कितीदा? सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आळस नाही करायचा. फिनेल घालतेस? बंद. साध्या साबणानं धू, उन्हात वाळव. आणि हे बघ, मांजराला मारू नकोस. ती मुद्दाम करत नाही. टबात तुझंच काहीतरी चुकतंय.

पोरी मान डोलावतात. म्हणतात, काकू, तुम्हाला किती माहितीये. आणि दर वेळी मी विषय बदलते. मी हे कसं शिकले, ते त्यांना कुठं ठाऊक?

आम्ही शिरूरकडचे. घोडनदीच्या काठाला सासरचं गाव, थोरले दीर तिथं शेती बघतात. ह्यांना कंपनीत पेंटशॉपला, रंग मारायच्या खात्यात, नोकरी लागली म्हणून आम्ही शिक्रापुरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लेकरू नाही आम्हाला — ते वेगळं आहे, त्यावर मी बोलत नाही. ह्यांची शिफ्ट असायची, मी दिवसभर चार भिंतींत. खाली हायवे, एका मागं एक कंटेनर. आमचं पहिलं मांजर त्याच हायवेवर गेलं. मी फावड्यानं उचललं त्याला. पुढं वर्षाभरानं जिन्यात एक पिल्लू सापडलं, पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके, तेव्हा मी ठरवूनच टाकलं की ही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही.

ह्यांना काही ते पटेना. खेड्यातलं मांजर कसं, रानात जातं, उकरतं, झाकून येतं. त्याला घरात संडास कशाला? "घरात हागायचं आन् आपन काढायचं? वर माती इकत आनायची? शेतकऱ्याचं पोर हाय मी," असं म्हणाले. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले तेव्हा तयार झाले, पण अट घातली. एकदा जरी घरात घाण केली, तर गोणीत घालून नदीपल्याड सोडून येणार. आमच्याकडं तशीच पद्धत आहे. नकोसं मांजर गोणीत घालतात, तोंड बांधतात, पूल ओलांडून सोडून देतात. पाणी ओलांडलं की मांजराला परतीची वाट सापडत नाही म्हणे. आणि हे नुसते बोलणारे नव्हेत. लहानपणी दोन मांजरं सोडून आलेले, मोठ्या अभिमानानं सांगतात.

त्या हिवाळ्यात आबा आमच्याकडं आले. आबा म्हणजे माझे सासरे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, शेतातली धूळ डोळ्यांत जायला नको म्हणून ह्यांनी दोन-तीन महिन्यांसाठी आणलं. सासूबाई आधीच गेलेल्या. आबांनी जन्मभर शेवंती लावली. मांजरीचं शेवंती हे नावही त्यांनीच ठेवलं. गावात बांधावरून दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसले की आबांना बोलावणं यायचं. आबा मधोमध बसायचे, चिमूटभर तपकीर ओढायचे, दोघांचं ऐकून घ्यायचे आणि मग एवढंच विचारायचे, खरं कोन बोलतंय? त्यांच्यापुढं लोक खोटं बोलायला कचरायचे. अशा माणसाबद्दल मी हे सांगतेय.

माझं माहेर भांडगावचं, सोलापूर रोडवरचं. वडिलांची पोल्ट्री, दोन शेड. कोंबड्यांच्या खाली भाताचं तूस अंथरतात, साळीचं वरचं टरफल असतं ना, ते. तूस ओलं झालं की असा वास सुटतो की डोळ्यांतून पाणी येतं. मग दाताळ्यानं तूस खालीवर करायचं आणि वरून चुना मारायचा. चुना ओल ओढून घेतो, वास बसतो. हे मी पाचवीत असल्यापासून केलंय. तर आबा घरी येणार, मोकळ्या हवेत राहिलेला माणूस, त्यांना मांजराचा वास यायला नको म्हणून मी माहेराहून तुसाची एक गोणी आणली. तोवर शेवंतीसाठी एका घमेल्यात बांधकामावरची वाळू होती आणि तिची काही तक्रार नव्हती. ती वाळू मी फेकून दिली. घमेल्यात तूस भरलं, वरून चुना मारला. उपसायचं काही नाही, रोज खालीवर करायचं आणि पुन्हा चुना. वर दोन थेंब फिनेल, माझ्या डोक्यातलं. पाहुण्यांच्या नजरेला नको म्हणून घमेलं वॉशिंग मशीनच्या आडोशाला सरकवलं.

वास गेला. मी स्वतःवर खूश. शेवंती घमेल्यात पाय ठेवायची आणि पंजे झटकत बाहेर यायची. मी तिला म्हणायचे, नखरे बघा बाईचे.

आबा येऊन आठवडा झाला असेल. दुपारची वेळ होती, हे कामावर गेलेले. मी ओट्याशी मेथी निवडत होते. आबा हॉलमधल्या दिवाणावर झोपलेले, ते उठले आणि उठून नुसते बसून राहिले. मग त्यांनी गोधडी गोळा केली, छातीशी धरली आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. बादलीत नळ सोडल्याचा आवाज आला. मी विचारलं, आबा, काय करताय? आतून म्हणाले, "काय न्हाई. च्या सांडला जरा."

चहा मी अजून ठेवलाच नव्हता. आबा खोटं बोलले होते.

मी दिवाणाजवळ गेले. पोल्ट्रीतल्या पोरीचं नाक आहे माझं. मांजराचं मूत आणि माणसाचं मूत, डोळे बांधलेत तरी वेगळं सांगेन. शेवंती रोज दुपारी आबांच्या गुडघ्यांमागं अंग मुडपून झोपायची, नेमकी तिथंच गादी ओली होती. गोधडीतून पाझरून आबांच्या धोतरापर्यंत गेलं असणार. आणि ती बया टीव्हीखाली बसून पंजा चाटत होती. मला त्याच क्षणी कळलं. हे नीट ध्यानात घ्या — त्याच क्षणी. पुढं मी कुठं म्हणाले की मला नंतर उमगलं, तर ते खोटं समजा.

आबांना वास कळणं शक्य नव्हतं. चाळीस वर्षं तपकीर ओढलेलं नाक ते. ह्यांचं नाक पेंटशॉपनं खाल्लेलं. दूध करपलं तरी ह्यांना पत्ता नसतो. घरात नाक होतं ते एकटीला, मला.

मग मी बोलले का नाही? तीन शब्दांचं काम होतं. आबा, मांजरानं केलंय. पण आबांच्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळी ह्यांच्यापुढं हसत हसत बोलून जातील, आणि ह्यांनी गोणी काढलीच म्हणून समजा. मला वाटलं, आजचा दिवस गप्प बसू. उद्यापासून शेवंतीवर नजर ठेवू. एका दिवसाचा तर प्रश्न होता. तुम्ही असतात तर बोलला असतात का? असतात, बहुतेक.

दोन दिवसांनी पुन्हा झालं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी हे घरात होते. ओली गादी ह्यांनी पाहिली, आबांकडं पाहिलं, आणि आबांनी मान खाली घातली. ह्यांनी आवाज सुद्धा चढवला नाही — चढवला असता तर बरं, मी मध्ये पडले असते. ह्यांनी नुसतं आबांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून त्यांना दवाखान्यात नेलं. लघवी तपासली, रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात होतं कधी कधी, गोळ्या घेऊन बघू. मी रिपोर्टची पिशवी कपाटात ठेवली. नॉर्मल असणारच, हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं. तरी मी विचारलं, गोळ्या जेवणाआधी का नंतर?

मी शेवंतीला दुपारी बेडरूममध्ये कोंडून बघितलं. ती दार ओरबाडायची, आबाच उठून उघडायचे. म्हणायचे, कशाला कोंडतीस मुक्या जनावराला.

मेणकापड मी आणलं. तान्ह्या बाळाखाली घालतात ते. कुणी सांगितलं नव्हतं, माझ्याच डोक्यात आलं. चादरीखाली अंथरलं तरी कूस बदलली की ते करकरायचं. पहिल्या दिवशी आबा त्यावर बसले, हातानं चाचपून पाहिलं. त्यांनी दुपारचा चहा सोडला. मग जेवताना पाणी सोडलं. एक घोट घ्यायचे आणि तांब्या लांब सरकवायचे. लघवीला आग व्हायला लागली, ती पाणी न पिण्यामुळं. एवढा उंचापुरा माणूस दिवाणाच्या अगदी काठावर बसायला लागला, उठायच्या तयारीत.

एक दिवस मी बाथरूममध्ये गोधडी घासत होते. आबा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "सूनबाई, मला कळत बी न्हाई गं, कवा हुतंय ते. जाग बी येत न्हाई." त्यांच्या आवाजात एवढी भीती होती की मी वर बघितलं नाही. मी ब्रश घासत राहिले आणि बोलले — "असू द्या आबा. वयानं होतं असं."

तोवर मी फक्त गप्प बसले होते. हे मात्र मी बोलले. शब्द माझे होते, कुणी भरवले नव्हते. आबांनी ते ऐकलं, मान हलवली आणि त्यांना ते पटलं. त्यांच्यापुढं लोक खोटं बोलायला कचरायचे म्हणाले ना मी? मी नाही कचरले.

अजून एक आहे. हे सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते, म्हणून मघापासून टबाच्या आणि चुन्याच्या गोष्टी सांगत बसले. गोधड्या मी गच्चीवर वाळत घालायचे. शेजारच्या वहिनींनी विचारलं, रोज कशा हो गोधड्या धुता? मी उसासा सोडला आणि म्हणाले, सासऱ्यांचं आता असंच आहे. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. बिल्डिंगभर झालं — सून असावी तर अशी, स्वतःच्या लेकीनं केलं नसतं. जिन्यात बायका माझ्याकडं कौतुकानं बघायला लागल्या. लग्नाला बारा वर्षं झालेली, मूल नाही, तोवर मला कुणी कशासाठी चांगलं म्हटलं नव्हतं. मला ते गोड लागलं. खरंच सांगते, गोड लागलं. एकदा तर गोधडी वाळलेली असताना मी ती दोरीवर तशीच ठेवली, वहिनी वर यायच्या होत्या म्हणून.

वीस दिवस हे चाललं. मग शेवंती लंगडायला लागली. ह्यांना न सांगता मी तिला पिशवीत घालून चौकाजवळच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी पंजे उलटे करून बघितले. तळवे लालभडक, एका ठिकाणी साल निघालेली. टबात काय घालता? मी फुशारकीनं सांगितलं, तूस आणि चुना, आमच्या पोल्ट्रीत असंच करतात. बाई माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणाल्या, ही कोंबडी आहे का? चुन्यानं पाय भाजतात तिचे. तिथं जायची भीती बसलीय, म्हणून ती मऊ कापड शोधत असेल. घरात कुठं घाण करते का? मी म्हटलं, हो. कुठं? मी म्हटलं — गादीवर. कुणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही.

त्याच दिवशी तूस गेलं, चुना गेला, फिनेल गेलं. पसरट टब आणला, लिटरची पिशवी आणली — बारीक दाण्यांची विकतची माती, ह्यांनी कपाळाला हात लावला ती. टब गॅलरीच्या शांत कोपऱ्यात ठेवला. उपसायला पुऱ्या तळायचा जुना झारा घेतला. हे म्हणाले, त्याच्यानंच उद्या भजी काढशील. पहिला दिवस शेवंती टबाभोवती नुसती फिरली. दुसऱ्या दिवशी तिनं उकरलं, बसली, झाकलं. चौथ्या दिवसापासून गादीवर काही नाही.

हे म्हणाले, गोळ्यांनी गुण आला.

आता बघा. आता शेवंतीला काही धोका नव्हता. कारण सापडलं होतं, घाण थांबली होती, हेसुद्धा झाऱ्यावरून चेष्टा करण्याइतके मवाळ झाले होते. त्या दिवशी बोलायला काय हरकत होती? पण बोलले असते तर वीस दिवस गप्प का होतीस, हेही आलं असतं. मेणकापड आलं असतं, गच्चीवरची दोरी आली असती. म्हणजे पहिले वीस दिवस मी मांजरीसाठी गप्प होते म्हणा हवं तर. पुढची चार वर्षं मी माझ्यासाठी गप्प राहिले.

आबा आठवड्याभरात गावाला निघून गेले. कितीही म्हटलं तरी थांबले नाहीत. तिथं घरात झोपायचे ते पाण्याच्या मोटरीच्या खोलीत झोपायला लागले, एकटे. जाऊबाई म्हणाल्या, म्हातारा विक्षिप्त झालाय, खताची रिकामी गोणी अंथरून तिच्यावर झोपतो. तेव्हापासून आबा कुणाच्या घरी मुक्कामाला गेले नाहीत. त्यांच्या पुतण्याच्या लग्नात हळदीला आले आणि शेवटच्या एसटीनं परत गेले. न्याय करायला बोलावलं तर म्हणायचे, माझं काय घेऊन बसलात, माझंच मला कळंना.

गेल्या महिन्यात दौंडच्या ताराआत्या पडल्या. आबांची धाकटी बहीण, एकुलती एक. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, दीड महिना पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गावातून शिरूर, शिरूरहून दौंड, दोन एसट्या बदलून जायचे, तिच्याजवळ तीन तास बसायचे आणि तसेच उलटे यायचे. दिवसाआड. एकदा आम्ही तिथं असतानाच चार वाजता ते उठले. आत्यांनी त्यांची बाही धरली. "दादा, एक डाव मुक्कामाला ऱ्हा की रं. मला तुज्याबिगर करमंना." आबा म्हणाले, "गायी हायत्या. धारंला कोन?" गायी दोन वर्षांपूर्वी विकल्या होत्या. आत्यांना ते माहीत होतं, आम्हाला माहीत होतं. आत्यांनी भिंतीकडं तोंड केलं. आबांनी त्यांच्या शेजारच्या रिकाम्या कॉटकडं एकदा बघितलं, नवीकोरी गादी होती तिच्यावर, आणि पायताण घातलं.

मी तिथंच बोलायला हवं होतं. तेव्हाही नाही बोलले. गाडीत ह्यांच्या शेजारी बसून शिक्रापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत आले. घरी आल्यावर टब उपसला, ओटा पुसला, स्वयंपाक केला. दोन दिवस जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिरूरची एसटी पकडली. आबा मोटरीच्या खोलीपुढं बसून बियाण्याच्या शेंगा फोडत होते. मला एकटीला बघून घाबरले, कुणाचं काय झालं वाटलं त्यांना. मी समोर बसले, मीही शेंगा फोडायला घेतल्या. पावसाचं सांगितलं, भाजीच्या भावाचं सांगितलं, आत्यांच्या टाक्यांचं सांगितलं. अर्धा तास नुसती वळसे घेत होते. मग मी खाली बघूनच म्हणाले — आबा, ते तुम्ही नव्हता. मांजर होती. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

त्यांचा हात थांबला. "म्हंजी मी न्हवतो?"

मी म्हटलं, नाही.

"येकदा बी न्हाई?"

एकदाही नाही, आबा.

मग मी सगळं सांगितलं. गोणीचं, चुन्याचं, मेणकापडाचं. गच्चीवरच्या दोरीचंही सांगितलं. आबा ऐकत होते, जसे बांधाच्या भांडणात ऐकायचे तसे, मध्ये एक शब्द न बोलता. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. हातातली शेंग टोपलीत टाकून म्हणाले, "मला सांगायचं हुतंस. म्या सोत्ताहून नाव घेतलं असतं माझं, माझंच हाय म्हनून. तुझी मांजर ऱ्हायली असती. पर मला तर ठावं असतं ना, सूनबाई, मी न्हाई ते."

हा मार्ग चार वर्षांत माझ्या एकदाही डोक्यात आला नव्हता — की त्या माणसाला विश्वासात घ्यावं. मी त्यांना लपवण्याजोगी वस्तू समजले, घमेल्यासारखी. ते उठले, शेंगांची टोपली आत ठेवली, आणि जाऊबाईंना हाक मारून म्हणाले, हिला टायमाच्या गाडीला सोडा. माझ्याकडं बघितलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी ताट सारलं. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "मेणकापड बी तूच आनलंस," आणि कामावर गेले. शेजारच्या वहिनींनाही जिन्यात गाठून सांगितलं. त्या अगंबाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. आता गावात, बिल्डिंगमध्ये, दौंडला, सगळीकडं माझं नाव निघत असेल. निघू दे. जे केलं तेच तर सांगतायत लोक.

त्या आठवड्यातच आत्यांच्या मुलाचा ह्यांना फोन आला. आबा आलेत. ह्या वेळी हातात कपड्यांची पिशवी आहे. आत्या विचारतायत, दादाला नक्की झालंय काय, दुपारी दोन तांबे पाणी प्याला आणि म्हणाला, मला दिवाळीपतूर हालवू नगा. हे फोन ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. शेवंती त्यांच्या पायाला अंग घासत होती, त्यांनी तिला ढकललं नाही.

आबा माझ्याशी बोलत नाहीत. फोन आला तर ह्यांच्याशी बोलतात, माझं विचारत नाहीत. विचारावं असं माझं म्हणणं नाही. चार वर्षं त्यांनी पाणी मोजून प्यायलं, ती मला परत देता येत नाहीत.

आज त्यांचा दौंडचा अकरावा मुक्काम. ह्यांना सकाळी आत्या सांगत होत्या, दादा असा घोरतो की शेजारची माणसं उठून बसतील. आता दुपारचे अडीच वाजलेत. त्या नव्या गादीवर, मधोमध, आबा झोपले असतील.